नौदल उपप्रमुख जहाजं चालवत नाहीत, मग करतात काय?

३१ जुलै २०२५ ला व्हाइस ॲडमिरल कृष्णा स्वामिनाथन यांनी मुंबईत पश्चिम नौदल कमांडची सूत्रं हाती घेतली. तोवर ते दिल्लीत नौदल उपप्रमुख होते. दुसऱ्याच दिवशी, १ ऑगस्टला, व्हाइस ॲडमिरल संजय वात्सायन त्यांच्या जागी उपप्रमुख झाले. दोन्ही बातम्या पेपरात चार-चार ओळींत आटोपल्या. त्या वाचून एका मित्राने मला विचारलं, "अख्ख्या नौदलात दोन नंबरला असलेला माणूस मुंबईला का पाठवला? काही चुकलं का त्यांचं?"

काहीच चुकलं नव्हतं. पण प्रश्न अगदी रास्त आहे, आणि तो विचारणारा माझा मित्र एकटा नाही. नौदल प्रमुख कोण असतात, काय करतात, याची आपल्याला साधारण कल्पना असते. त्यांच्या पाठोपाठच्या माणसाचं काम मात्र बहुतेकांना धूसरच असतं. समुद्रात उतरणाऱ्या प्रत्येक युद्धनौकेवर या माणसाचा हात फिरलेला असतो, म्हणून ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी नावांचा गुंता

निम्मा गोंधळ भाषांतराने केलाय. इंग्रजीत 'व्हाइस' वेगळा आणि 'डेप्युटी' वेगळा. मराठीत आपण दोन्हींना 'उप' लावून मोकळे होतो. नौदलात मात्र ही दोन स्वतंत्र पदं आहेत. 'व्हाइस चीफ' म्हणजे नौदल उपप्रमुख, मुख्यालयात प्रमुखांच्या लगेच खालोखाल. 'डेप्युटी चीफ' त्यांच्याही खाली, आणि रोजच्या मोहिमा हा त्यांच्याकडचा विषय. बातमीत कधीकधी दोघेही 'उपप्रमुख' होऊन बसतात. या लेखात उपप्रमुख म्हटलं की पहिलं पद समजावं, दुसऱ्याला मी डेप्युटीच म्हणेन.

डेप्युटीची खुर्चीही साधी नाही बरं का. तिच्यावर कोणाला बसवायचं यावरून सरकार आणि तेव्हाचे नौदल प्रमुख ॲडमिरल विष्णू भागवत यांच्यातला वाद इतका विकोपाला गेला, की ३० डिसेंबर १९९८ ला सरकारने प्रमुखांनाच पदावरून दूर केलं.

दुसरा घोटाळा 'व्हाइस ॲडमिरल' या शब्दांचा. तो हुद्दा आहे, पद नव्हे. भूदलातला लेफ्टनंट जनरल किंवा हवाई दलातला एअर मार्शल यांच्या बरोबरीचा. कॉलेजात प्राध्यापक बरेच असतात, पण उपप्राचार्य त्यातला एखादाच. तसे व्हाइस ॲडमिरल बरेच असतात आणि त्यांच्यापैकी एक जण व्हाइस चीफ असतो. प्रमुख तेवढे पूर्ण ॲडमिरल.

क्रिकेटचा उपकर्णधार इथे चालत नाही

उपप्रमुख म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उपकर्णधार येतो. कर्णधाराच्या शेजारी स्लिपमध्ये उभा, तोच खेळ खेळणारा, कर्णधार मैदानाबाहेर गेला की क्षेत्ररचना हातात घेणारा. नौदल उपप्रमुखांचं काम या साच्यात बसत नाही.

समजा, अरबी समुद्रात गस्तीवर असलेल्या युद्धनौकेला मार्ग बदलायचा आहे. तिचा कॅप्टन पश्चिमी ताफ्याच्या प्रमुखांना उत्तर देतो. ताफ्याचे प्रमुख मुंबईच्या पश्चिम कमांडला. बंगालच्या उपसागरातली नौका याच रीतीने विशाखापट्टणमच्या पूर्व कमांडला बांधलेली. कोचीची दक्षिण कमांड मुख्यत्वे प्रशिक्षणाची. या तिन्ही कमांडचे प्रमुख थेट नौदल प्रमुखांना जबाबदार असतात. या शिडीत उपप्रमुखांची पायरी कुठेच लागत नाही. ऑपरेशन सिंदूरनंतर ११ मे २०२५ ला तिन्ही दलांनी पत्रकारांना माहिती दिली, तेव्हा नौदलाच्या वतीने बोलायला बसले होते ते मोहिमांचे महासंचालक व्हाइस ॲडमिरल ए. एन. प्रमोद. उपप्रमुख तिथे नव्हते. नसायलाच हवे होते, कारण तो त्यांचा विषयच नव्हे.

मग त्यांचा विषय कोणता? त्यासाठी लग्नघर आठवावं. यजमान मांडवाच्या दारात उभे, येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच दिसतात. पंगतीत वाढपी धावत असतात. आणि आत एक माणूस असतो, ज्याच्याकडे कोठीची किल्ली असते. किती पानं होणार, काय किती आणायचं, कुठे हात आखडायचा आणि कुठे सैल सोडायचा, हे त्याने आठवडाभर आधी ठरवलेलं असतं. पंगतीत तो एक पानही वाढत नाही, पण त्याचा हिशेब चुकला तर वाढप्यांनी कितीही धावपळ केली तरी उपयोग नाही. नौदलाच्या कोठीची किल्ली उपप्रमुखांकडे असते.

तरी मुंबईला का पाठवलं?

कारण कोठी आणि पंगत यांत लहानमोठं नाही. उपप्रमुख आणि तिन्ही कमांडचे प्रमुख एकाच पातळीवर धरले जातात. सातव्या वेतन आयोगाच्या तक्त्यात या सगळ्यांचं मूळ वेतन सारखंच, दरमहा २,२५,००० रुपये. नौदल प्रमुखांचं २,५०,०००. म्हणजे दिल्लीहून मुंबईला जाणं ही बढती नाही आणि शिक्षाही नाही. जबाबदारीची जात तेवढी बदलते.

जानेवारी २०२४ मध्ये तर चक्क अदलाबदल झाली होती. उपप्रमुख असलेले व्हाइस ॲडमिरल संजय जसजित सिंग पश्चिम कमांडवर गेले आणि तिथले व्हाइस ॲडमिरल दिनेश त्रिपाठी दिल्लीत उपप्रमुख झाले. चारच महिन्यांनी, ३० एप्रिलला, त्रिपाठी नौदल प्रमुख झाले.

म्हणजे उपप्रमुख हाच पुढचा प्रमुख?

असं वाटणं साहजिक आहे, पण नोंदी वेगळं सांगतात. २००९ ते २०२४ या काळात सात जण नौदल प्रमुख झाले. त्यांतले तिघे, डी. के. जोशी, सुनील लांबा आणि आर. हरी कुमार, थेट पश्चिम कमांडवरून आले. निर्मल वर्मा आणि करमबीर सिंग पूर्व कमांडवरून. उपप्रमुखाच्या खुर्चीतून उठून प्रमुखाच्या खुर्चीत बसले ते दोघेच, रॉबिन धोवन आणि दिनेश त्रिपाठी. निवड केंद्र सरकार करतं. सेवाज्येष्ठता पाहिली जाते, पण सरकार तिला बांधील नाही. करमबीर सिंगही त्याआधी उपप्रमुख राहिलेले होते, तेव्हा या खुर्चीचा अनुभव प्रमुखपदाच्या वाटेवर कामी येतो हे खरं. पण ती प्रतीक्षालय नाही.

कागदावरची युद्धनौका

आता कोठीत शिरू.

युद्धनौका गोदीत जन्माला येते असं आपण समजतो. तिचा जन्म त्याच्या कितीतरी आधी एका तक्त्यावर होतो. नौदलाला ही नौका कशासाठी हवी, किती वेगाने जायला हवी, इंधन न भरता किती दूर जायला हवी, तिच्यावर कोणती शस्त्रं हवीत, किती माणसं राहणार, हे सगळं त्या तक्त्यात येतं. नौदलात त्याला 'स्टाफ रिक्वायरमेंट्स' म्हणतात. आपण 'गरजांचा तक्ता' म्हणू. नौदलाचं भविष्याचं नियोजन, त्यातून निघणारे हे तक्ते आणि त्यामागची खरेदी हा उपप्रमुखांच्या कामाचा गाभा आहे.

वरवर हे यादी करण्याचं काम वाटतं. जवळून पाहिलं की अवघडपण कळतं.

गस्तीसाठी एक मध्यम आकाराची नौका करायची ठरली असं धरा. हवाई शाखा म्हणते, हेलिकॉप्टर हवंच, त्याशिवाय पाणबुडी शोधणार कशी? मुद्दा बिनतोड आहे. पण हेलिकॉप्टर आलं की त्याच्यासाठी डेक हवा, हँगर हवं, वेगळं इंधन हवं, सुटे भाग ठेवायला जागा हवी, वैमानिक आणि तंत्रज्ञ हवेत. त्या माणसांना बंक हवेत, पाणी हवं, जेवण हवं. तोवर तोफखान्याची माणसं सांगतात, आणखी काही क्षेपणास्त्रं बसवा. रडारवाल्यांना अँटेना जितकी उंच तितकी बरी, कारण उंचावरून लांबचं दिसतं. पण उंचावरचं प्रत्येक वजन नौकेला डळमळीत करतं. हातगाडीवर सामान वर वर रचत गेलं की वळणावर ती कलंडते, समुद्रावरही तसंच. मग तोल सावरायला नौका रुंद करा. रुंद केली की पाण्याचा विरोध वाढला आणि वेग घटला. वेग परत आणायला मोठं इंजिन घाला. मोठं इंजिन जास्त इंधन पितं. आणि बघता बघता मध्यम आकाराची नौका मोठी झालेली असते. किंमत दुप्पट, आणि जिथे सहा घ्यायच्या होत्या तिथे तीनच परवडणार.

प्रत्येक मागणी आपल्या जागी योग्यच असते, हीच यातली खरी अडचण. चुकीच्या मागणीला नाही म्हणायला फारसं काही लागत नाही. योग्य मागणीला नाही म्हणायला मात्र असा माणूस लागतो ज्याने स्वतः समुद्र पाहिलाय, जहाज चालवलंय, आणि त्या नाहीची किंमत उद्या कोण मोजणार हे ज्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून या खुर्चीत हिशेबनीस बसवत नाहीत. युद्धनौका आणि ताफे सांभाळलेला दर्यावर्दी बसवतात.

पैशाचं काय?

घर बांधणं आणि घर चालवणं हे दोन वेगळे खर्च, हे कुठल्याही गृहस्थाला सांगायला नको. सरकार पहिल्याला भांडवली खर्च म्हणतं, दुसऱ्याला महसुली. नवी पाणबुडी हा भांडवली खर्च. तिचे सुटे भाग, इंधन, डागडुजी हा महसुली.

महसुली बाजूला उपप्रमुखांच्या स्वतःच्या सहीला मोठं वजन आहे. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने तिन्ही दलांच्या उपप्रमुखांचे आर्थिक अधिकार १० टक्क्यांनी वाढवले आणि कमाल मर्यादा ५०० कोटी रुपयांची ठेवली. भांडवली बाजूला मात्र मोठ्या गोष्टी त्यांच्या एकट्याच्या हातात नसतात. नौदलाची मागणी संरक्षण मंत्र्यांच्या अध्यक्षतेखालच्या संरक्षण खरेदी परिषदेपुढे जाते आणि फार मोठी खरेदी पुढे मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीपर्यंत पोचते. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न येतो, खरंच गरज आहे का? त्याचं उत्तर फायलीत भक्कम नसेल तर ती फाइल फिरत राहते.

हे तर कारकुनी काम झालं

हा आक्षेप मी निवृत्त लष्करी माणसांकडूनही ऐकलाय. मला तो पटत नाही. का ते दोन तारखांवरून सांगतो.

मुंबईच्या माझगाव डॉकशी चार विनाशिका बांधण्याचा करार झाला जानेवारी २०११ मध्ये. त्यांतली शेवटची, आयएनएस सुरत, नौदलात दाखल झाली १५ जानेवारी २०२५ ला. चौदा वर्षं. कोचीत विमानवाहू विक्रांतचा कणा २८ फेब्रुवारी २००९ ला मांडला गेला आणि ती नौदलात आली २ सप्टेंबर २०२२ ला. म्हणजे साडेतेरा वर्षं, आणि त्याआधीची आखणीची वर्षं यात धरलेलीच नाहीत.

याचा अर्थ असा, की आज समुद्रात काही घडलं तर कमांड प्रमुखांच्या हातात जी जहाजं असतील, ती दीड-दोन दशकांपूर्वी कोणीतरी कागदावर ठरवलेली असतील. त्या माणसाने हेलिकॉप्टरला हो म्हटलं असेल तर आज हेलिकॉप्टर आहे. नाही म्हटलं असेल तर आज कितीही शूर कॅप्टन असला तरी ते आकाशातून पडणार नाही. याला कारकुनी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

आणि या कामाचं फळ ते करणाऱ्याला क्वचितच दिसतं. विक्रांत दाखल झाली तेव्हा उपप्रमुख होते व्हाइस ॲडमिरल सतीश घोरमडे. तिचा कणा मांडला गेला त्या काळात ज्यांनी तिच्या फायली पुढे ढकलल्या, ते तोवर कधीच निवृत्त झाले होते.

मग माणसं इतक्या लवकर का बदलतात?

हा आक्षेप मात्र मला पूर्ण मान्य आहे. एप्रिल २०२३ ते ऑगस्ट २०२५ या २८ महिन्यांत चार जणांनी उपप्रमुखपदाची सूत्रं घेतली. चौदा वर्षं चालणाऱ्या कामाच्या किल्ल्या अशा हातोहात फिरू नयेत.

यात कोणाचा दोष शोधायला गेलं तर वयाचा हिशेब आडवा येतो. व्हाइस ॲडमिरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो. प्रमुखांना तीन वर्षं किंवा वयाची ६२ वर्षं, जे आधी येईल ते. या उंचीला पोचेपर्यंत अधिकाऱ्याची बहुतेक नोकरी झालेली असते. उरलेल्या थोड्या वर्षांत त्याला कमांडचा अनुभवही द्यायचा, मुख्यालयाचाही द्यायचा, आणि वर जागा रिकामी झाली की अख्खी साखळी सरकते.

सातत्य टिकतं ते उपप्रमुखांच्या हाताखालच्या विभागांमुळे आणि लिहून ठेवलेल्या योजनांमुळे. ती व्यवस्था चांगली आहे. तरी माझं स्पष्ट मत आहे की या पदाला किमान दोन वर्षांची निश्चित मुदत हवी. गरजांचा तक्ता मंजूर करणाऱ्याने निदान त्याची निविदा निघालेली तरी पाहावी.

संरक्षण दल प्रमुख आले, मग यांची गरज उरली का?

१ जानेवारी २०२० पासून आपल्याकडे संरक्षण दल प्रमुख हे पद आहे. जनरल बिपिन रावत पहिले. तिन्ही दलांच्या गरजांचा मेळ घालणं, एकच वस्तू तिघांनी वेगवेगळी घेऊ नये हे पाहणं, हे त्यांचं काम. पण मेळ घालायला आधी प्रत्येक दलाचा स्वतःचा नीट हिशेब लागतो. नौदलाचा तो हिशेब उपप्रमुखांच्याच टेबलावर तयार होतो.

आणि प्रमुख अचानक गेले तर?

इथे मात्र उपप्रमुख खरोखर 'दुसरा माणूस' होतो.

२६ फेब्रुवारी २०१४ ला मुंबईजवळ समुद्रात आयएनएस सिंधुरत्न या पाणबुडीत धूर कोंडला आणि दोन अधिकाऱ्यांचा जीव गेला. त्याच दिवशी नौदल प्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला आणि सरकारने तो स्वीकारला. सकाळी प्रमुख असलेला माणूस संध्याकाळी नव्हता. उपप्रमुख रॉबिन धोवन यांनी हंगामी कार्यभार घेतला. १७ एप्रिलला ते पूर्णवेळ प्रमुख नेमले गेले. मधले सात आठवडे नौदल निर्नायकी झालं नाही. अमेरिकेतही फेब्रुवारी २०२५ मध्ये नौदल प्रमुख ॲडमिरल लिसा फ्रँकेटी यांना पदावरून हटवल्यावर उपप्रमुख ॲडमिरल जेम्स किल्बी यांनी ऑगस्टपर्यंत, जवळजवळ सहा महिने, कारभार पाहिला.

मुख्यालयातली ही रीत जहाजावरून आलेली आहे. प्रत्येक युद्धनौकेवर कॅप्टनखालोखाल एक्झेक्युटिव्ह ऑफिसर असतो. शिस्त, स्वच्छता, खलाशांचा दिनक्रम, सगळं त्याच्याकडे. अनेक नौदलांत युद्धसज्जतेचा इशारा झाला की कॅप्टन आणि तो मुद्दाम वेगवेगळ्या ठिकाणी जातात, एका गोळ्यात दोघेही जाऊ नयेत म्हणून.

कधीकधी तेवढंही पुरत नाही. १२-१३ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री ग्वाडलकॅनाल बेटाजवळ अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को या क्रूझरवर जपानी गोळ्यांचा मारा झाला. ब्रिजवर, म्हणजे जिथून नौका चालवतात तिथे, असलेले रिअर ॲडमिरल डॅनियल कॅलहन आणि कॅप्टन कॅसिन यंग दोघेही गेले. एक्झेक्युटिव्ह ऑफिसरही गेला. वर जखमी अवस्थेत उभा होता तो लेफ्टनंट कमांडर ब्रूस मॅकँडलेस. त्याने नौका चालवायला घेतली. पण जिवंत उरलेल्यांत त्याच्याहून ज्येष्ठ एक जण होता, लेफ्टनंट कमांडर हर्बर्ट शॉनलँड. नौकेला पडलेली भोकं बुजवणं आणि पाणी काढणं हे त्याचं काम, आणि तो खालच्या डेकवर होता.

कॅप्टन गेल्याचं त्याला कळलं. आता नौका त्याची होती, नियमाने त्याने वर ब्रिजवर जायला हवं होतं. पण खाली कमरेइतकं पाणी होतं, दिवे गेले होते, हातकंदिलांच्या उजेडात काम चाललं होतं. तो वर गेला असता तर नौका चालली असती, पण तरंगत राहिली असती याची खात्री नव्हती. त्याने मॅकँडलेसला निरोप पाठवला, सुकाणू तूच सांभाळ. आणि तो त्या काळोखात पाणी उपसत राहिला, नौका सरळ होईपर्यंत.